मीठ बदलायचं, सोडायचं नाही

थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन घेणाऱ्या रुग्णांच्या घरून या वेळी बरीच पत्रं आली आहेत. विचारणा वेगवेगळी असली तरी बहुतेकांच्या मुळाशी रक्तातलं सोडियम आहे. ते लिटरमागे 135 ते 145 मिलिमोलच्या दरम्यान असायला हवं (पुढचे सोडियमचे आकडेही याच मापातले). या उपचारात ते थोडं खाली येणं नवं नाही. फार खाली क्वचितच जातं, पण गेलं तर जिवावर बेततं. त्यातलं बरंचसं घरात आणि स्वयंपाकघरात टाळता येतं, म्हणून सविस्तर उत्तरं देत आहोत.

आईचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आहे. आयोडीनचा डोस आठवड्यावर आलाय. थायरॉक्सिनची गोळी बंद केली आहे आणि 'आयोडीनयुक्त मीठ चालणार नाही' असं कागदावर लिहून दिलंय. दहा दिवस तिचं सगळं जेवण अळणी करतो आहोत, मासेही बंद आहेत. ती फार गळून गेली आहे. हे आयोडीन न मिळाल्यामुळे का? (श्रीवर्धन)

आज रात्रीच्या जेवणापासून आईंच्या ताटात मीठ परत आणा, फक्त ते बिनआयोडीनचं असू दे. कागदावर आयोडीन बंद लिहिलंय, मीठ बंद लिहिलेलं नाही. ही गल्लत इतक्या घरांत होते की कागदावर ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आयोडीन का बंद करतात, ते एकदा आकड्यांत पाहा. डोसच्या आधी एक ते दोन आठवडे दिवसाला 50 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आयोडीन पोटात जावं, असा बेत असतो. म्हणजे शरीरात उरलेल्या थायरॉइडच्या पेशी आयोडीनला भुकेल्या राहतात आणि डोस मिळाला की तो ओढून घेतात. आपल्या साध्या पाकिटातल्या मिठात ग्रॅममागे निदान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. एक सपाट चमचा म्हणजे 5 ग्रॅम मीठ धरलं तर 75 मायक्रोग्रॅम झाले. शिजवताना थोडं उडून गेलं तरी मर्यादा एका चमच्यातच ओलांडली जाते. म्हणून ते पाकीट बंद.

सोडियमचा प्रश्न त्याहून वेगळा. गोळी बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांत शरीरात थायरॉइडचं संप्रेरक जवळजवळ उरत नाही. ते हवंच असतं, कारण त्याशिवाय टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या पेशींना कामाला लावणारं संप्रेरक, 30 च्या वर चढत नाही. पण त्या अवस्थेत हृदयाचा जोर कमी पडतो, मूत्रपिंडातून गाळलं जाणारं रक्त कमी होतं आणि पाणी धरून ठेवा असा हुकूम देणारं एडीएच नावाचं संप्रेरक नको तेव्हा सुटतं. प्यायलेलं पाणी लघवीवाटे पूर्ण बाहेर पडत नाही आणि रक्त पातळ होत जातं. त्यात जेवण अळणी असलं की दोन्हीकडून मार बसतो.

कोकणातल्या घरांत त्यात आणखी एक भर पडते. मासे बंद झाले की ताटातली प्रथिनंच जातात, कारण आपला सगळा भार बांगड्या-मोरीवर, नाहीतर सुकटीवर. मग रुग्ण पेज, वरणाचं पाणी आणि कोऱ्या चहावर राहतो. मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायचं तर सोबत काहीतरी विरघळलेलं लागतं, म्हणजे मीठ आणि प्रथिनांपासून बनणारा युरिया. हे दोन्ही नसले तर पाणी अंगातच साठतं. तेव्हा आईंना कुळथाची पिठी, मुगाची उसळ, वालाचं बिरडं द्या. अंड्याचा फक्त पांढरा भाग चालतो. खात असतील तर कोंबडीचा एखादा तुकडाही चालेल. घावणे, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, ओलं खोबरं, दुधी, पडवळ, भोपळा, फणसाची भाजी याला हरकत नाही. समुद्राचं आणि खाडीचं काहीही नाही. तिसऱ्या, कोलंबी, जवळा, सोडे, सुकट सगळं बंद. दूध, दही, ताक, पिवळं बलक, बेकरीचे पदार्थ, हॉटेलातलं आणि पाकिटातलं खाणंही यात आलं.

मीठ पोटात जातंय की नाही, हे तपासायला एक सोपा उपाय आहे. चौदा दिवसांचं पथ्य असेल तर 70 ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ वजन करून एका डबीत काढा आणि आईंच्या वाटणीचं सगळं मीठ त्याच डबीतून घाला. सात दिवसांनी डबी अर्धी झाली नसेल तर मीठ कमी जातंय. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असला तर हा आकडा मात्र डॉक्टरांनी ठरवायचा.

गळून जाणं थोडंफार संप्रेरक नसल्यामुळे असणारच. पण दहा दिवस अळणी खाल्लेल्या रुग्णाचं सोडियम न तपासता तसं गृहीत धरू नये. उद्या सकाळी तालुक्याच्या लॅबमध्ये सीरम इलेक्ट्रोलाइट्स करून घ्या. रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो.

आमच्याकडे मिठागराचं खडे मीठ वर्षाचं भरून ठेवलेलं असतं. त्यात आयोडीन घातलेलं नसतं, मग ते चालेल ना? आणि आगळ, आमसुलं, खारातले गरे? (वेंगुर्ले)

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन जेमतेम 60 मायक्रोग्रॅम. ते सगळंच्या सगळं मिठात उतरलं असं धरलं तरी 5 ग्रॅमला आठ-नऊ मायक्रोग्रॅमच होतील. म्हणजे शिरोड्याच्या आगरातून थेट उचललेलं मीठ आयोडीनच्या बाबतीत लोक समजतात तितकं वाईट नाही. अडचण खात्रीची आहे. व्यापाऱ्याकडून गोणी घेतली असेल तर त्यावर पोटॅशियम आयोडेट फवारलंय की नाही, हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून रुग्णालयांच्या बहुतेक याद्यांत समुद्री मीठ सरळ वर्ज्य लिहिलेलं असतं आणि एवढ्या मोठ्या उपचारासाठी आपणही तीच यादी पाळावी. रुग्णालयातून बिनआयोडीनचं मीठ देत असतील तर तेच वापरा. नाहीतर साधं सैंधव घ्या, पण पाकिटाची मागची बाजू वाचूनच. 'आयोडीनयुक्त सैंधव'ही सर्रास विकलं जातं. मिठात आयोडेट आहे का पाहायचं छोटं किट असतं. त्यातला थेंब टाकल्यावर मीठ निळं-जांभळं झालं तर त्यात आयोडीन आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून पाहा.

पाकीट वाचताना एक फसगत ओळखून ठेवा. 'लो सोडियम' लिहिलेलं मीठ म्हणजे बिनआयोडीनचं मीठ नव्हे. त्यात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम घातलेलं असतं आणि आयोडीन बहुधा असतंच. म्हणजे टाळायचं ते मिळतं आणि हवं ते कमी मिळतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर ते पोटॅशियमही त्रास देतं.

आगळात मीठ भरपूर असतं आणि ते कुठलं, हे करणाऱ्यालाच ठाऊक. घरच्या आगळात पाकिटातलं मीठ घातलेलं असेल तर ते बाजूला ठेवा. खारातले गरे, मिठातल्या कैऱ्या, सांडगी मिरची, लोणची यांनाही हाच नियम. आमसुलंही कित्येकदा मिठाच्या रसाचे हात देऊन वाळवतात. बिनमिठाची मिळाली तर त्यांची सोलकढी नारळाच्या रसात करा, वरून डबीतलं मीठ घाला आणि खुशाल प्या. तोंडाची चव गेलेल्या रुग्णाच्या पोटात मीठ जायला याहून चांगली वाट आम्हाला दिसत नाही.

वडील 68 वर्षांचे. रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. डोसआधी काय विचारून घ्यावं? (देवगड)

गोळीची पट्टी हातात घ्या आणि नावाखालचे घटक वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यांपैकी काही दिसलं तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. जोडगोळीच्या नावाच्या शेवटी 'एच' असलं तर आत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइडच असतं. या औषधांनी लघवीवाटे सोडियम जातं आणि पाणी बाहेर टाकायची ताकदही घटते. साठीच्या पुढचं वय, बंद केलेलं थायरॉक्सिन आणि ही गोळी, तिन्ही एकत्र आली की सोडियम घसरायला फार वेळ लागत नाही. गोळी आपल्या मनाने थांबवू नका. रक्तदाब पाहून दुसऱ्या गटातली गोळी देता येते, पण ते पथ्य सुरू होतानाच ठरलं पाहिजे, डोसच्या आदल्या दिवशी नव्हे. उदासीनतेवरची एसिटालोप्रामसारखी औषधं आणि फिटांवरची कार्बामॅझेपीन किंवा ऑक्सकार्बाझेपीन हीही याच रांगेतली.

आजार फुप्फुसांत किंवा मेंदूत पसरलेला असेल तर जोखीम आणखी वाढते. अशा रुग्णांत आणि वयस्करांत पथ्य सुरू होताना एकदा आणि डोसच्या एक-दोन दिवस आधी एकदा सोडियम करून घ्यावं. डोसनंतर घरी सोडतानाही करून घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट विचारा. थायरॉक्सिन बंद न करता टीएसएच वाढवणारी इंजेक्शनं मिळतात, लागोपाठ दोन दिवस 0.9 मिलिग्रॅमची एकेक. महाग आहेत आणि प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाहीत. पण ती दिली तर संप्रेरकाचा खड्डाच पडत नाही आणि सोडियम घसरायचं मोठं कारण टळतं. वडिलांच्या वयाला आणि आजाराला ती योग्य आहेत का, हा प्रश्न न लाजता विचारावा.

डोसनंतर भरपूर पाणी प्यायला सांगतात. भरपूर म्हणजे किती? शहाळ्याचं पाणी दिलं तर सोडियम भरून येईल का? (गुहागर)

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम फार थोडं. अशक्तपणा आला की शहाळं फोडायचं हे आपल्याकडे हाताला बसलेलं आहे, पण या रुग्णाला दिवसात चार शहाळी दिली तर रक्त आणखी पातळ होतं. एखादं चाललं, पण ते पाण्याच्या हिशोबात धरा.

पाणी प्यायला सांगतात ते लघवी होत राहावी म्हणून. शरीराने न ओढलेलं आयोडीन बहुतांश पहिल्या दोन दिवसांत लघवीतून जातं, आणि ते मूत्राशयात साठून राहू नये. त्यामुळे दीड-दोन तासांनी उठून लघवीला जाणं हे पाच लिटर पाणी पिण्यापेक्षा जास्त कामाचं आहे. एकट्या खोलीत रुग्णाला दुसरा उद्योग नसतो. आयोडीन लवकर जावं या धास्तीने तो बाटलीमागून बाटली रिकामी करतो, आणि बाहेरून कोणाचं लक्ष नसतं. निरोगी माणसाची मूत्रपिंडं एवढं पाणी सहज फेकून देतात. संप्रेरक नसलेल्या माणसाची देत नाहीत.

म्हणून दाखल होतानाच विचारा की दिवसाला जास्तीत जास्त किती. कमीत कमी आकडा सगळे सांगतात, वरची मर्यादा आपण मागून घ्यायची. साधारण प्रकृतीच्या रुग्णाला दोन-अडीच लिटर पुरतं. वयस्कर किंवा थायझाइड (वर सांगितलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या) घेणाऱ्या रुग्णाला त्याहून कमी सांगू शकतात. एक लिटरच्या दोन बाटल्या सकाळी भरून ठेवा. चहा, पेज, सोलकढी, सरबत सगळं त्याच मापात मोजा. आणि पाण्याबरोबर खाणं हवंच. मळमळीमुळे जेवण परत जात असेल तर वॉर्डातल्या नर्सला तेव्हाच सांगा. उलटीवर औषध देता येतं.

ओआरएसचं विचाराल तर एक पाकीट एक लिटर पाण्यात मिसळल्यावर त्यात सोडियम 75 असतं. रक्तातलं 140 च्या आसपास. साध्या पाण्यापेक्षा ते बरं, पण ओआरएस लिटरवारी प्यायल्याने घसरलेलं सोडियम वर येईल असं समजू नका.

मधुमेह आहे. डोसआधीच्या तपासणीत सोडियम 131 आलं, त्रास काहीच नाही. उपचार पुढे ढकलतील का? (मालवण)

त्याच नमुन्यातली साखर किती होती, ते आधी पाहा. साखर फार वाढली की ती पेशींतलं पाणी रक्तात ओढते आणि सोडियम कमी दिसतं. साखर 100 च्या वर प्रत्येक 100 ने चढली की सोडियम सुमारे 1.6 ने खाली दिसतं. तुमची साखर 400 असेल तर खरं सोडियम 136 च्या जवळ आहे आणि दुरुस्ती साखरेची करायची आहे. साखर ठीक असेल तर 131 म्हणजे सौम्य घट. पाणी मोजून पिणं, मीठ आणि औषधं तपासणं, एक-दोन दिवसांत फेरतपासणी, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. 130 च्या खाली गेलं किंवा डोकेदुखी, मळमळ, झोपाळूपणा सुरू झाला तर आधी सोडियम सावरून मगच डोस देणं शहाणपणाचं. चार दिवस उशीर झाल्याने या कर्करोगात नुकसान होत नाही.

काकू डोस घेऊन घरी आल्या. तिसऱ्या दिवशी उलट्या, डोकेदुखी, संध्याकाळी बोलणं असंबद्ध. गावात कोणी म्हणालं बाहेरचं असेल, आणि दवाखान्यात किरणोत्सर्गाच्या भीतीने हात लावायला का-कू झाली. आता त्या बऱ्या आहेत. अशा वेळी नेमकं काय करायला हवं? (दापोली)

गाडी काढायची. गाऱ्हाणं घालायचं असेल तर ते मागाहून. 108 ला फोन करा आणि 'थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलंय, सोडियम कमी झाल्याची शंका आहे' हे वाक्य जसंच्या तसं सांगा. म्हणजे आधी कुठली तपासणी करायची, ते समोरच्याला कळतं.

घरी आल्यावर धोका संपला, असं वाटतं. तसं नसतं. डोसनंतर दोन-तीन दिवसांत थायरॉक्सिन पुन्हा सुरू करतात, पण ते अंगात भरायला आठवडे लागतात. तोवर मूत्रपिंडं तशीच मंद असतात आणि घरचे प्रेमाने पाणी पाजत राहतात. घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा म्हणूनच सांभाळायचा.

बोलणं बिघडतं त्याचं कारण मेंदूला सूज. खारातले गरे भाजीसाठी काढले की आपण ते साध्या पाण्यात घालून ठेवतो. पाणी आत शिरतं आणि चेंबलेला गरा टरारून फुगतो. सोडियम कमी झालेल्या पातळ रक्तात मेंदूच्या पेशींचं तसंच होतं. गऱ्याला पातेल्यात पसरायला जागा असते, मेंदूला कवटीत नसते. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग भान हरपतं. सोडियम 120 च्या खाली झपाट्याने गेलं तर फिट येऊ शकते.

घरात करायचं थोडं आहे. पाणी, चहा, शहाळं सगळं थांबवा. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात मिठाचं पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. कुशीवर निजवा. डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पट्ट्या आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट पिशवीत घाला. ज्या रुग्णालयात डोस दिला, तिथल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागाला वाटेतूनच फोन लावा.

दवाखान्यात नातेवाईक म्हणतात, 'अशक्तपणा आहे, ग्लुकोजची बाटली लावा.' या रुग्णाला ती लावायची नाही. 5 टक्के ग्लुकोजमधली साखर शरीर वापरून टाकतं आणि मागे उरतं नुसतं पाणी. भान हरपलेल्या किंवा फिट आलेल्या रुग्णाला 3 टक्के सलाइन लागतं. 100 मिलिलिटर सुमारे दहा मिनिटांत देतात, गरज पडली तर पुन्हा, असं तीनदा. पहिल्या काही तासांत सोडियम चार ते सहाने वर आलं की मेंदूची सूज उतरू लागते. त्यापुढे घाई करायची नाही. 24 तासांत आठ ते दहाच्या वर चढवलं तर फुगलेल्या पेशी एकदम आकसतात आणि मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण निघतं. ते नुकसान कधी कधी कायमचं राहतं. म्हणून सुरुवातीला दर काही तासांनी सोडियम तपासता येईल अशाच ठिकाणी रुग्ण ठेवावा. दापोलीत ती सोय झाली नाही तर पहिलं सलाइन लावूनच पुढे हलवावं.

आता किरणोत्सर्गाचं. भारतात 30 मिलिक्युरीपेक्षा (मिलिक्युरी हे किरणोत्साराचं माप) मोठा डोस घेतलेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि एक मीटरवरची मात्रा ठरलेल्या पातळीखाली आली की मगच घरी सोडतात. काकूंच्या अंगात तेव्हा आयोडीन थोडं शिल्लक होतंच, कारण त्याची निम्मी मात्रा घटायला आठ दिवस लागतात आणि उरलेलं लघवीतून जात असतं. पण रक्त घेणं, सलाइन लावणं, तपासणं यांसाठी हातमोजे आणि नेहमीची स्वच्छता पुरते. लघवीची पिशवी, उलटी, चादरी हातमोज्यांनीच हाताळाव्यात आणि वेगळ्या ठेवाव्यात. गरोदर कर्मचाऱ्याला त्या खोलीत पाठवू नये. यापलीकडे थांबण्यासारखं काही नाही. किरणोत्सर्गाच्या भीतीने फिट आलेल्या बाईला तासभर बाहेर बसवणं हा खरा धोका, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांनी ते मनावर घ्यावं, ही कळकळीची विनंती.

ऑपरेशननंतर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. सोडियम कमी झालंय का? (सावंतवाडी)

बहुधा नाही. ते कॅल्शियमचं लक्षण आहे. थायरॉइडला चिकटलेल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी ऑपरेशनमध्ये दुखावल्या की कॅल्शियम घसरतं, मुंग्या येतात, हाताचे स्नायू आखडतात. सोडियम कमी झालं तर डोकं, पोट आणि भान बिघडतं, मुंग्या येत नाहीत. एकाच वेळी दोन्ही कमी असू शकतात, म्हणून रक्त देताना चिठ्ठीवर सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम तिन्ही लिहून घ्या. कॅल्शियमच्या गोळ्या पथ्यातही चालू ठेवायच्या असतात. मात्र गोळीवर 'समुद्री शिंपल्यांपासून' असं लिहिलेलं असेल तर पथ्यापुरती दुसरी गोळी मागून घ्या. हात वाकडे होऊन आखडले तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठा.